फुग्यातला हेलियम शेवटी जातो कुठे?

देवगडकर (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, वय वर्षे अकरा. त्याला विजयदुर्ग दाखवायला नेला. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आले तशी वाटाड्याने नेहमीची गोष्ट लावली: १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर नावाचा साहेब या कट्ट्यावर दुर्बीण मांडून बसला आणि हेलियमचा शोध लागला. भाचा एकदम खूश. परतताना बाजारात गॅसचा फुगा घेऊन दिला, तो गाडीत बसायच्या आधीच हातातून सुटला.

रडला नाही हो, पण प्रश्न सुरू झाले. फुगा कुठवर जाईल? फुटल्यावर आतला हेलियम कुठे जाईल? आणि शेवटचा: "मामा, जगातले सगळे फुगे सोडले तर वर हेलियमचा थर साचेल का?" मी म्हटलं, विचारून सांगतो. तर विचारतोय. कॉमर्सवाल्याला झेपेल असं सांगा.

मीठभाकर (रविवार, रात्री ९:५२)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चकली संपली.

निरभ्र (रविवार, रात्री १०:३०)

देवगडकर, भाच्याला माझ्याकडून शाबासकी. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून आता निवृत्त झाले आहे, पण हा प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नाही.

फुगा काही किलोमीटर वर जाऊन फुगून फुटतो. आतला हेलियम हवेत मिसळतो. थर मात्र साचत नाही, कारण साधारण १०० किलोमीटरपर्यंत हवा सतत घुसळली जाते. त्याच्या वर ही घुसळण थांबते आणि वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे व्हायला लागतात, हलके वर. आणखी वर, ५०० किलोमीटरच्या पुढे, हवा इतकी विरळ की एक अणू निघाला तर त्याला धडकायला दुसरा भेटतच नाही. संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनवर तुम्ही कितीही जोरात निघालात तरी दोन पावलांवर कोणाला तरी आपटणारच. रात्री दोन वाजता त्याच फलाटावर धावत सुटलात तर सरळ बाहेर. वरचा हेलियम रात्री दोनच्या फलाटावर असतो. पुरेसा वेग मिळाला की पृथ्वीला कायमचा रामराम.

आता गंमत. जमिनीतलं युरेनियम आणि थोरियम विघटन पावताना सतत हेलियम तयार होत असतो. विल्यम रॅम्झीला १८९५ साली पृथ्वीवरचा हेलियम सापडला तो युरेनियमच्या खनिजातच. साडेचार अब्ज वर्षं ही फॅक्टरी चालू आहे. तरी हवेत हेलियम किती? दहा लाखांत पाच भाग. बाकीचा गेला.

शंकासुर (रविवार, रात्री ११:०५)

दोन आक्षेप.

एक, रस्त्यावरच्या फुग्यात बहुतेक वेळा हेलियम नसतोच, स्वस्तातला हायड्रोजन असतो. भाच्याला उदबत्तीपासून लांब ठेवा.

दोन, कट्ट्याची गोष्ट. मी त्याच किनाऱ्यावरचा. श्रावणात विजयदुर्गला सूर्य बघायचा म्हणजे नवस बोलायला हवा. आणि १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हताच. त्या ग्रहणाला फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता (खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा नातू). लॉकियरने सूर्याच्या कडेचा वर्णपट (प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा) पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. त्यात पिवळी रेघ होती, सोडियमच्या रेघांजवळ पण त्यांच्याशी न जुळणारी. तिच्यावरून पुढे सूर्याच्या ग्रीक नावाचं हेलियम झालं.

लॉकियर विजयदुर्गला आला हे मात्र खरं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. कट्टे तेव्हाचे असणं जास्त पटतं.

देवगडकर (रविवार, रात्री ११:२०)

आता हे भाच्याला सांगू की नको? 😬

निरभ्र (सोमवार, सकाळी ७:१५)

जरूर सांगा. शंकासुर, दोन्ही मुद्दे मान्य. आमच्या वेळच्या नोट्समध्येही १८६८ आणि विजयदुर्ग असंच होतं, मीही तसंच शिकवलं आहे. कान पकडते.

घाटवाट (सोमवार, सकाळी ९:४८)

म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा गळते आहे? मग सगळी का जात नाही? आणि चंद्राची गेली ती अशीच का?

जाता जाता, हवेचं महत्त्व मला लेहमध्ये कळलं. ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ दोन तास ठेवली, कुकर नव्हता. शेवटी पाणी वेगळं आणि डाळ वेगळी असं खाल्लं.

निरभ्र (सोमवार, सकाळी ११:३०)

घाटवाट, तुमच्या डाळीकडे परत येऊ, मंगळावर.

हवा टिकणार की जाणार हे मुख्यतः दोन वेगांवर ठरतं. ग्रह सोडायला लागणारा वेग: पृथ्वीवर सेकंदाला ११.२ किलोमीटर, मंगळावर ५, चंद्रावर २.४. आणि रेणूंचा स्वतःचा वेग, तो तापमानावर आणि वजनावर ठरतो. आपल्या खोलीत नायट्रोजनचे रेणू सरासरी अर्धा किलोमीटर सेकंदाला धावतात, हायड्रोजनचे जवळपास दोन. सरासरी अर्धा म्हणजे सगळे अर्ध्याने नव्हे, काही पठ्ठे फार पुढे असतात आणि तेच पळून जातात. अंदाजाचा नियम असा की सरासरी वेग सुटकेच्या वेगाच्या सहाव्या भागापेक्षा कमी असेल तर तो वायू अब्जावधी वर्षं टिकतो.

चंद्रावर दुपारी १२० अंश सेल्सिअस. तिथे नायट्रोजन ०.५९ ने धावेल. २.४ भागिले ०.५९, साधारण ४. नापास.

आता कोडं घालते. शनीचा उपग्रह टायटन. सुटकेचा वेग २.६, म्हणजे चंद्रापेक्षा किंचितच जास्त. तरी त्याच्यावर आपल्यापेक्षा दाट हवा आहे, दाब दीडपट, आणि बहुतांश नायट्रोजन. का?

मीठभाकर (सोमवार, दुपारी १२:०२)

शनीची साडेसाती संपली म्हणून.

घाटवाट (सोमवार, दुपारी १२:४०)

थंडी?

निरभ्र (सोमवार, दुपारी १:१०)

पैकीच्या पैकी. तिथे उणे १७९ अंश. नायट्रोजन ०.३ च्या आतच रांगतो. २.६ ला भागलं की नऊच्या आसपास. पास.

१४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान पॅराशूटने तिथे उतरलं, उतरायला जवळजवळ अडीच तास लागले, कारण हवा दाट आणि गुरुत्व आपल्या सातव्या हिश्शाचं. हाताला पंख बांधले तर माणूस तिथे खरंच उडू शकेल. पाऊस पडतो, नद्या वाहतात, सरोवरं आहेत, पण पाण्याची नव्हे, मिथेनची. हा मिथेन सूर्यप्रकाशात तुटत असतो आणि काही कोटी वर्षांत संपायला हवा होता. संपलेला नाही. म्हणजे कुठून तरी भर पडते आहे. कुठून, हे अजून नक्की ठरलेलं नाही.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. वातावरण म्हणजे ग्रहाला जन्मतः मिळालेली ठेव असं आपण धरून चालतो. ते चालू खातं आहे. जमेच्या बाजूला ज्वालामुखी, धूमकेतू, सजीव. खर्चाला वरची गळती, खडकांत मुरणं, ध्रुवांवर गोठणं. आज दिसते ती फक्त शिल्लक.

शंकासुर (सोमवार, सायंकाळी ६:२०)

चालू खातं म्हणताय तर हिशेब दाखवा. पृथ्वीवरून दर सेकंदाला सुमारे ३ किलो हायड्रोजन आणि ५० ग्रॅम हेलियम निसटतो. मंगळावरून नासाच्या मेव्हन यानाने मोजला तो दर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम. म्हणजे पृथ्वी मंगळाच्या तीसपट गळते! मग भिकेला कोण लागायला हवं होतं?

मीठभाकर (सोमवार, सायंकाळी ६:३१)

शंकासुर यांना +१. पॉपकॉर्न दुसरी फेरी.

निरभ्र (सोमवार, रात्री ९:००)

हिशेब करू. पृथ्वीच्या हवेचं वजन ५ वर अठरा शून्यं इतके किलो. सेकंदाला ३ किलो म्हणजे वर्षाला साधारण ९५ हजार टन. ऐकायला भयंकर, पण या दराने ५० अब्ज वर्षं पुरेल, आणि सूर्याचं आयुष्य तेवढं नाही. शिवाय जातो तो मुख्यतः हायड्रोजन, आपल्या श्वासातला ऑक्सिजन नव्हे.

मंगळाची हवा पृथ्वीच्या दोनशेव्या हिश्शाएवढी, त्यामुळे १०० ग्रॅमचा दरही तिथे जड. तरी आजच्या दराने आहे ती हवा आठेक अब्ज वर्षं पुरावी. मग पूर्वीची दाट हवा गेली कशी? कारण पूर्वी दर हा नव्हता. तरुण सूर्य जास्त तापट होता, त्याचा अतिनील प्रकाश आणि सौरवारा (सूर्याकडून सुटणारा कणांचा झोत) कितीतरी तीव्र. मार्च २०१५ मध्ये एक सौरवादळ मंगळावर आदळलं तेव्हा गळती वाढलेली मेव्हनने प्रत्यक्ष पाहिली. असा मारा कोट्यवधी वर्षं झाला, आणि त्याच सुमारास मंगळाचे ज्वालामुखी मंदावले. खर्च वाढला, मिळकत थांबली.

घाटवाट (सोमवार, रात्री ९:२५)

गेलेली हवा मोजली कशी पण? गेली ती गेली.

निरभ्र (सोमवार, रात्री ९:५५)

अरगॉनवरून. हा वायू कोणाशी संयोग करत नाही, खडकात मुरत नाही. नाहीसा झाला तर वरूनच. त्याचे दोन भाऊ आहेत, ३६ वजनाचा आणि ३८ वजनाचा. वरच्या थरात हलका ३६ जास्त, म्हणून तोच जास्त उडतो. खाली ३८ चं प्रमाण वाढत जातं. त्यावरून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की मंगळाच्या हवेतला जवळपास ६५ टक्के अरगॉन अवकाशात गेला.

मीठभाकर (सोमवार, रात्री १०:०४)

समजलं. दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसतं डाळं आणि मोहरी उरली की आईला कळतं किती चिवडा गेला. कोणी खाल्ला ते विचारत नाही.

निरभ्र (सोमवार, रात्री १०:१०)

हसून हसून पुरेवाट. वर्गात हे उदाहरण मला का सुचलं नाही!

देवगडकर (सोमवार, रात्री १०:४०)

वाचतोय, भाच्याला व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवतोय. तो विचारतो, मेव्हनचं एवढं कौतुक, आपलं मंगळयान कुठे गेलं?

निरभ्र (मंगळवार, सकाळी ८:०५)

दोघं शेजारीच होते! मेव्हन मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि दोन-तीन दिवसांत, २४ सप्टेंबर २०१४ ला, मंगळयान. त्यावरही वातावरणाच्या वरच्या थरातले वायू तपासणारं मेन्का नावाचं उपकरण होतं. अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने फिरणारे अरगॉनचे अणू त्याने टिपले. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिलं.

आणि घाटवाट, तुमची डाळ. मंगळावर सरासरी दाब ६ मिलिबार, आपल्याकडे १०१३. तिथे पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळतं. म्हणजे बर्फ वितळला न वितळला तोच वाफ. दोन तास सोडा, दोन वर्षं ठेवलीत तरी डाळ कच्ची. नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला तिथे पहिल्यांदा उडालं, जेमतेम १.८ किलो वजन, तरी पाती मिनिटाला अडीच हजारांच्या घरात फिरवावी लागली. हिवाळ्यात तर तिथली हवाच ध्रुवावर गोठून बर्फ होते, चौथा हिस्सा तरी. कल्पना करा, पौषात हवामान खातं सांगतंय की यंदा हवा पंचवीस टक्के कमी.

उत्तरवारा (मंगळवार, दुपारी ३:१२)

बरेच दिवसांनी लॉगिन झालो. मी नॉर्वेत असतो, ट्रॉम्सोला. इथे हिवाळ्यात डोक्यावर हिरवा ऑरोरा (ध्रुवप्रकाश) नाचतो तो १०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन. सूर्याकडून आलेले कण चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे घसरतात आणि त्या ऑक्सिजनला पेटवतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढालीसारखं आहे म्हणून आपली हवा वाचली, मंगळाचं क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी बंद पडलं म्हणून त्याची गेली. हा मुद्दा अजून कोणी कसा मांडला नाही?

शंकासुर (मंगळवार, दुपारी ३:४०)

कारण त्यात भोक आहे. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही. आणि हवा? पृथ्वीच्या ९२ पट दाब. ढाल नसलेला गडी सगळ्यात श्रीमंत.

निरभ्र (मंगळवार, सायंकाळी ५:५०)

बाय डिफॉल्ट सहमत. ढालीची गोष्ट पाठ्यपुस्तकात छान दिसते, पण अर्धीच खरी आहे. हे क्षेत्र सौरवाऱ्याला अडवतं, त्याच वेळी ध्रुवांपाशी विद्युतभारित कणांना बाहेर जायची वाटही देतं. फुग्यातल्या हेलियमचा मोठा वाटा त्याच वाटेने जातो. तेव्हा उत्तरवारा, भाच्याचा फुगा शेवटी तुमच्या डोक्यावरून निघायची शक्यता आहे. हात करा.

शुक्राबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथेच आपला स्वतःचा हिशेब उघड होतो.

शुक्र जवळपास पृथ्वीएवढा. पृष्ठभागावर ४६४ अंश. शिसं वितळतं. सूर्याच्या जास्त जवळ असलेला बुधसुद्धा इतका तापत नाही, कारण त्याच्याकडे पांघरायला हवा नाही. रशियाचं व्हेनेरा १३ यान १ मार्च १९८२ ला उतरलं आणि १२७ मिनिटं तगलं, तोही पराक्रमच. हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड. विचित्र म्हणजे ५०-५५ किलोमीटर वर दाब आणि तापमान बरंचसं आपल्यासारखं आहे. १९८५ मध्ये रशियाच्या वेगा यानांनी तिथे दोन फुगे सोडले आणि ते जवळजवळ दोन दिवस तरंगले. कशाने भरले होते? हेलियमने.

प्रश्न असा की शुक्राकडे एवढा कार्बन डायऑक्साइड आला कुठून? उत्तर: पृथ्वीकडेही जवळपास तेवढाच आहे. फक्त हवेत नाही. चुनखडीत आहे.

घाटवाट (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

चुनखडी म्हणजे आपली चंद्रपूरकडची, सिमेंटवाली?

निरभ्र (मंगळवार, रात्री ८:३०)

तीच. चुनखडी भट्टीत भाजली की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मुंबईत चुनाभट्टी स्टेशनवरून रोज जाणाऱ्यांनी एकदा हे मनात आणावं. जगातली सगळी चुनखडी अशी भाजली तर आपली हवा शुक्राच्या पंक्तीला जाऊन बसेल.

ती चुनखडी बनली पाण्यामुळे. पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, सौम्य आम्ल होतं, ते खडक खातं, क्षार नद्यांतून समुद्रात जातात, शिंपले आणि प्रवाळ त्याचं कवच करतात, ते तळाशी साचतं. शुक्रावर पाणी होतं बहुधा, पण सूर्याच्या जवळ असल्यामुळे वाफ होऊन वर गेलं, तुटलं, हायड्रोजन उडाला. मीठभाकरांचा चिवड्याचा डबा तिथेही लावता येतो: शुक्राच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे. हलका खाऊन झाला. पाणी गेलं आणि कार्बन पुरायला कोणी उरलं नाही.

आता सह्याद्रीकडे बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याने प्रचंड कार्बन डायऑक्साइड ओकला. तोच लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, आता पावसात झिजताना कार्बन डायऑक्साइड गिळतो, आणि बेसाल्ट या कामात ग्रॅनाइटपेक्षा तरबेज. पावसाळ्यात घाटातून तांबडं पाणी वाहतं ना, त्यात हा व्यवहार चालू असतो. फक्त त्याचा वेग लाखो वर्षांचा, आपल्या घाईत बसणारा नाही.

तर्कतीर्थ७७ (मंगळवार, रात्री ११:१५)

आता शेवटी 'ग्लोबल वॉर्मिंग' येणारच होतं. ताई, हवेत कार्बन डायऑक्साइड आहे ०.०४ टक्के. चिमूटभर. त्याने काय होतंय?

निरभ्र (बुधवार, सकाळी ७:०५)

चिमूटभर मिठाशिवाय वरण खाऊन बघा.

हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन. जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोघं अडवतच नाहीत. अडवते ती पाण्याची वाफ, तो चिमूटभर कार्बन डायऑक्साइड आणि त्यांचे एक-दोन सोबती. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ असतं, आहे अधिक १५. हे नवं शास्त्र नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्येच काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे. पृथ्वीचा शुक्र होईल असं मी म्हणत नाही. पण खात्यात भर कोण टाकतंय हे पासबुकात दिसतं.

तर्कतीर्थ७७ (बुधवार, सकाळी ९:३०)

बघतो. मौना लोआ म्हणजे ज्वालामुखीच ना? पण ठीक, वेगळा धागा काढतो.

शंकासुर (बुधवार, सकाळी ९:४४)

काढा. तिथेही येतो.

देवगडकर (बुधवार, रात्री ९:१०)

सगळ्यांचे आभार. भाच्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. टायटनवर उडायचं त्याने नक्की केलं आहे. लॉकियर तेव्हा विजयदुर्गला नव्हता हे ऐकून अर्धा मिनिट गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे वाटाड्याकाकांना सांगायला जायला हवं." आता पुन्हा जाणं आलं.

तर मंडळी, आपला एक कट्टा साहेबाच्या कट्ट्यावर करूया का? १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन असतो, मुहूर्त बरा आहे. मासे माझ्याकडे.

मीठभाकर (बुधवार, रात्री ९:१३)

मासे म्हटल्यावर माझं नाव पहिलं लिहा.

घाटवाट (बुधवार, रात्री ९:३०)

येतो. कुकर आणतो.

शंकासुर (बुधवार, रात्री ९:५१)

ऑगस्टात मासेमारी सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे, समुद्र खवळलेला, वर ढग. २२ जानेवारी ठेवा. साहेबानेही तेव्हाचीच तारीख धरली होती.